मुलुंडची मुळी आणि थकलेले हृदय

आपण धाराशिवकर घरचा रुग्ण सोलापूर-पुण्याला नेतो, हृदयाची शस्त्रक्रिया पार पडली असा निरोप आला की सुटकेचा श्वास टाकतो. पण खरी कसोटी त्यानंतर लागते. शस्त्रक्रियेपुरते हृदय थांबवून रक्त फिरवण्याचे काम यंत्राकडे देतात; अमेरिकेत डॉ. गिबन यांनी १९५३ साली हे प्रथम यशस्वी करून दाखवले. काम आटोपल्यावर हृदय पुन्हा चालू होते, परंतु कधीकधी त्याचा जोर पुरत नाही. मग मेंदू, मूत्रपिंड यांना रक्त कमी पडू लागते, आणि काही तास वा काही दिवस औषधाने त्या हृदयाला हात द्यावा लागतो.

हा हात बहुधा ॲड्रेनॅलिनचा किंवा त्याच्याच जातीच्या डोब्युटामिनचा असतो. गिरणीच्या फाटकावर निरोप द्यावा आणि तो आतल्या खात्यापर्यंत पोहोचावा, तसा हा प्रकार. पण दीर्घकाळ दुखणाईत असलेल्या हृदयात फाटकावरचे पहारेकरीच कमी झालेले असतात. निरोप घ्यायचा कुणी?

फाटक टाळून थेट खात्यात शिरणारे एक द्रव्य आपल्या मुंबईत हाती लागले. गुजराती घरांतून गरमर नावाने जिच्या मुळांचे लोणचे घालतात, ती ही वनस्पती. मुलुंड येथे होक्स्ट या जर्मन कंपनीचे संशोधन केंद्र होते. तेथील भट, बजवा, डि'सूझा व त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी या मुळीतील द्रव्याची रचना १९७७ साली प्रसिद्ध केली. त्याचे नाव फोर्स्कोलिन. (लखनौच्या सरकारी प्रयोगशाळेतही स्वतंत्रपणे हेच द्रव्य मिळाले होते, तिचा उल्लेख फार थोडे करतात.) १९८१ साली अमेरिकेत सीमन, पॅजेट व डेली यांनी दाखवले की ते पेशीच्या आतील विकरालाच चालना देते. हृदय जोराने आकुंचन पावते, आणि रक्तवाहिन्या सैल पडतात.

घोडे अडले ते अगदी साध्या जागी. फोर्स्कोलिन पाण्यात विरघळत नाही, तेव्हा शिरेतून देणार कसे? पाण्यात विरघळणारे त्याचे रूप निप्पॉन कायाकू या जपानी कंपनीने तयार केले, आणि १९९९ साली जपानमध्ये त्याला तीव्र हृदयदौर्बल्यासाठी मान्यता मिळाली. हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांवरही तिकडे ते वापरून पाहिले गेले. रामबाण मात्र ते नव्हे. नाडी तेही वाढवते. शिवाय मिल्रिनोन हे दुसरे औषधही फाटकावर न अडखळता काम करते, आणि आपल्या इस्पितळांत ते रुळले आहे.

तरीही मला ही मधली बावीस वर्षे सलतात. मुळी इथली, पहिली मेहनत इथली; शेवटचा टप्पा तेवढा दुसऱ्याने गाठला. शोधनिबंधावर मुळी खणणाऱ्याचे नाव नसते, प्रयोगशाळेतली भांडी धुणाऱ्याचेही नसते. मुलुंडचे ते केंद्र पुढे १९९८ साली पिरामल समूहाकडे गेले. आज त्याच मुळीचे चूर्ण वजन उतरवण्यासाठी म्हणून डब्यांतून विकतात. रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी चालू असणाऱ्याने ते डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये.