एकचक्रेची पाळी

नागपूरहून वर्ध्याकडे येताना केळझरची टेकडी आणि तिच्यावरचे गणपतीचे देऊळ मागे पडले, की थोड्याच वेळात सेलू येते. बोर नदीच्या काठी वसलेले आणि एके काळी केळीच्या बागांसाठी नावाजलेले हे गाव भोसल्यांच्या अमलातून इंग्रजांकडे आले, १८६२ साली वर्धा जिल्हा वेगळा झाला तेव्हा त्या जिल्ह्यात गेले, आणि आज तालुक्याचे ठाणे म्हणून आपला कारभार मुकाट्याने करीत आहे. त्याच तालुक्यातील केळझर म्हणजे महाभारतातील एकचक्रा नगरी, अशी या मुलखातील परंपरा आहे. एकचक्रेवर हक्क सांगणारी गावे भारतवर्षात अनेक असल्यामुळे त्या तंट्याचा निवाडा करण्याच्या भरीस मी पडत नाही. मला त्या कथेतले एकच घर हवे आहे.

बकासुराला रोज गाडाभर भात, दोन रेडे आणि ते हाकीत नेणारा माणूस द्यावा लागे, व तो माणूस पाळीपाळीने एकेका घरातून जाई. पांडव ज्या ब्राह्मणाच्या घरी लपून राहिले होते त्याच्यावर ही पाळी आली, तेव्हा कुंतीच्या कानी जे पडले ते मोठे विलक्षण होते: घरधनी म्हणतो मी जातो, पत्नी म्हणते, तुमच्यामागे मुलांना कोण पोसणार, तेव्हा मीच जाते, मुलगी म्हणते, परक्याच्या घरी जायचीच मी, मला आजच द्या, आणि बोबडे बोलणारा लहानगा हातातली काडी उगारून राक्षसाला मारायला निघतो. शेवटी गेला तो भीम, म्हणजे ज्याचे त्या घराशी कसलेच नाते नव्हते असा मनुष्य.

अवयवदानाचा इतिहास वाचताना हे घर पुनःपुन्हा डोळ्यांपुढे येते. मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाच्या घरात बोलणे चालते ते याच चालीवर, आणि पाळी कुणाची हा प्रश्नही तोच.

आमच्या या भागात ‘दान’ हा शब्द नवा नाही. पवनारच्या विनोबांनी १९५१ साली तेलंगणात आरंभिलेले भूदान, त्यापाठोपाठ ग्रामदान आणि श्रमदान, यांनी या शब्दाला वर्ध्याच्या मातीचा वास दिला. त्यामुळे नेत्रदान आणि देहदान हे शब्द कानांना परके वाटले नाहीत. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने तेथेच निघालेले वैद्यकीय महाविद्यालय, पुढे १९९० साली सावंगीचे दुसरे महाविद्यालय, अशा दोन संस्था सेलूच्या हाताशी आल्या. शरीरशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मृतदेह लागतो. बेवारस देहांची व्यवस्था सांगणारा मुंबईचा ॲनाटॉमी कायदा १९४९ चा आहे. विदर्भ मुंबई राज्यात सामील झाल्याला जेमतेम वर्ष होत होते, तेव्हा १९५७ साली त्या राज्याने नेत्रपटलारोपणाचा कायदा केला. मूत्रपिंडारोपणासाठी महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा व्हायला मात्र १९८२ साल उजाडले.

डोळा प्रथम का, याचे उत्तर शरीरातच आहे. नेत्रपटलात रक्तवाहिन्या नसल्यामुळे परक्याचे पटल देह सहसा धिक्कारीत नाही, आणि ते मृत्यूनंतर सहा तासांपर्यंत घरी अंथरुणावरच काढता येते. ज्या घरी हे झाले तेथील चित्र अगदी साधे असते. पंखा बंद केलेला, पापण्या मिटून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवलेल्या, उशी दुमडून डोके थोडे उंच केलेले, आणि बाहेर ओसरीवर तिरडीचे बांबू बांधणारी माणसे घटकाभर थांबलेली. पेटी घेऊन आलेला मनुष्य अर्ध्या तासाच्या आत काम उरकून जातो आणि पाहणाऱ्याला चेहऱ्यात फरक दिसत नाही. एवढे खेड्यातही होऊ शकते.

हृदय, यकृत, मूत्रपिंड यांची गोष्ट तशी नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी हृदयारोपण केले, ते दक्षिण आफ्रिकेतील बर्नार्ड यांच्या पहिल्या शस्त्रक्रियेला तीन महिनेही झाले नसताना. रोगी काही तासच जगला. हृदय चालू असून मेंदू मेलेला मनुष्य जिवंत की मृत, हे सांगणारे एकही कलम त्या वेळी आपल्या कायद्यात नव्हते. ते १९९४ च्या केंद्रीय कायद्याने आले. तो ४ फेब्रुवारी १९९५ पासून महाराष्ट्रात अमलात आला, आणि अवयवांच्या खरेदीविक्रीला, जिच्यासाठी मुंबईचे नाव त्यापूर्वी बदनाम झाले होते, त्यानेच गुन्हा ठरविले. चार डॉक्टरांनी सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून मस्तिष्कमृत्यूचा दाखला द्यावा, मग वारसांची संमती घ्यावी, असा हा जाबता आहे.

पण हा मृत्यू अतिदक्षता विभागात, श्वासयंत्रावरच व्हावा लागतो. सेलूचा म्हातारा आपल्या माजघरात, नातवंडांच्या देखत डोळे मिटतो. त्याने हजार वेळा इच्छापत्र लिहिले तरी त्याचे मूत्रपिंड कुणाच्या उपयोगी पडत नाही. म्हणून भीमाची पाळी बहुधा रस्त्यावरच्या अपघाताला येते. सावंगीला काढलेले यकृत नागपूरला न्यायचे तर वाहतूक अडवून याच केळझरच्या बाजूने किंवा समृद्धी महामार्गाने धावावे लागते, कारण हृदयाला चार-सहा तास आणि यकृताला दहाबारा तास एवढीच मुदत असते. काढलेल्या अवयवातून उबदार रक्त फिरते ठेवून ही मुदत वाढविण्याची यंत्रे परदेशात रुळू लागली आहेत. २०२४ च्या मार्चमध्ये बोस्टनला जनुके बदललेल्या डुकराचे मूत्रपिंड जिवंत माणसाला बसविण्यात आले, आणि रेडे देऊन माणूस वाचतो का, हा एकचक्रेला न सुचलेला विचार प्रयोगशाळेत सुरू झाला.

तोवर घरातल्यांचीच पाळी. भारतात मृत दाते दर दहा लाख लोकसंख्येमागे एकही भरत नाहीत. स्पेनमध्ये ते चाळिसांहून अधिक असतात. मग मूत्रपिंड देतो कोण? १९९५ ते २०२१ या काळातील नोंदींत अवयव मिळालेल्यांपैकी दर पाचांत सुमारे चार पुरुष होते, आणि जिवंत दात्यांत बहुसंख्य स्त्रिया. ‘कमावता’ म्हणून नवऱ्याला वाचवायचे, ही व्यवहाराची भाषा मला कळते. पण तीच भाषा मुलगी आजारी पडल्यावर थोडी मंदावते, असे आकडे पाहून वाटते, आणि तेथे माझी सहानुभूती संपते.

कायदा करणाऱ्यांना याची कल्पना असावी. २०१४ च्या नियमांत नाते सिद्ध करण्यासाठी लग्नाच्या फोटोपासून मुलांच्या जन्मदाखल्यापर्यंत कागद मागितले आहेत, आणि दाता स्त्री असेल तर तिची ओळख व स्वतंत्र संमती अवयव घेणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणीतरी तपासून घ्यावी, असे वेगळे कलम घातले आहे. दानाला परवानगी देणाऱ्या समितीपुढे मुलाखत होते तिचे चित्रीकरण होते. पदर सावरून खुर्चीच्या टोकावर बसलेल्या बाईला विचारतात, कुणाच्या दडपणाखाली तर देत नाही ना? ती नाही म्हणते, आणि कारकून पुढचा कागद सहीसाठी सरकवतो.