चित्रकथांतले वीर : कालचे आणि आजचे



विषय पोरासोरांचा वाटेल. पण लोक कोणत्या वीरांच्या गोष्टी ऐकत वाढतात, हाही इतिहासाचाच भाग आहे. पोवाड्यांचा आणि पोथ्यांचा आपण अभ्यास करतो. मग पोरांनी दप्तरात लपवून वाचलेल्या चित्रकथांनीच काय घोडं मारलं? मी त्या लहानपणापासून वाचत आलो आणि आजही वाचतो. मात्र आजच्या चित्रकथा वाचताना मन एका बाजूला ठरत नाही. अर्धं सुखावतं, अर्धं खट्टू होतं. असं का होतं, ते आज सांगायचं आहे.

सुरुवात ‘चांदोबा’पासून करू. मद्रासहून निघणारं हे मासिक १९५२ साली मराठीत आलं. निजामी राजवट संपून तेव्हा चारच वर्षं झाली होती. पालम, गंगाखेड हा आपला मुलूख अजून हैदराबाद राज्यातच होता. मराठवाडा मुंबई राज्यात आला तो १९५६ साली. ‘चांदोबा’तली विक्रम-वेताळाची गोष्ट आठवा. राजा प्रेत खांद्यावर घेतो, वेताळ गोष्ट सांगतो, राजाचं मौन सुटतं आणि वेताळ पुन्हा झाडावर जातो. बाहेरची चौकट कधी संपत नसे, पण आतली गोष्ट त्या महिन्यात पुरी होई. मधले चार अंक हुकले तरी पाचवा अंक हाती आला की पोराचं काही अडत नसे.

पुढे मार्च १९६४ मध्ये मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केलं. त्यातला मुख्य वीर म्हणजे अमेरिकन लेखक ली फॉक यांचा १९३६ सालचा ‘फँटम’. मराठीत त्याचं नाव झालं वेताळ. आपल्याकडे वेताळ गावाच्या वेशीवर शेंदूर लावून बसलेला, त्यामुळे हा परका पाहुणा चटकन घरचा झाला. गंमत अशी, की अमेरिकेत ही कथा वर्तमानपत्रात रोज तीन-चार चौकटी अशी महिनोन्‌महिने चाले. आपल्याकडे त्याच चौकटी जुळवून एका अंकात एक पुरी गोष्ट देत. रोज वर्तमानपत्र कुठून मिळणार? कुणी परभणीच्या नाहीतर नांदेडच्या स्टेशनावरून एखादा अंक आणी, आणि तो कव्हर फाटेपर्यंत गावभर फिरे. अशा गावाला पुरी गोष्टच हवी होती.

या वेताळाजवळ दैवी शक्ती नव्हती. बाप गेला की मुलाने तोच वेष घालायचा, तीच शपथ घ्यायची. असा हा एकविसावा पुरुष. माणूस मरतो, व्रत मरत नाही, एवढीच त्यातली युक्ती. वाऱ्या चालवणाऱ्या घराण्यांच्या मुलखात ती कुणाला समजावून सांगावी लागली नाही.

पण जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. हा वेताळ गोरा होता. जंगलातली काळी माणसं भांडायची आणि गोऱ्याने येऊन न्याय करायचा, अशी त्या कथांची मांडणी होती. मूळ कथेतल्या प्रदेशाचं नाव ‘बंगाल’च्या जवळ जाणारं, आणि समुद्री लुटारूंच्या टोळीचं नाव ‘सिंग’. इथल्या संपादकांनी त्यांचं ‘डेंकाली’ आणि ‘सिंगा’ करून घेतलं. नावं बदलली, मांडणी तीच राहिली. १९७६ साली आबिद सुरती यांनी त्याच मालिकेत ‘बहादूर’ आणला. डाकूचा मुलगा, पण डाकूंविरुद्ध गावकऱ्यांना उभं करणारा. अंगरखा घातलेला आपला माणूस नायक झाला, ही गोष्ट लहान नव्हती. १९९० साली ‘इंद्रजाल’ बंद पडलं.

आता अमेरिकेतल्या महावीरांकडे वळू. सुपरमॅन १९३८ सालचा, स्पायडरमॅन १९६२ सालचा. सुपरमॅनच्या दोघा तरुण निर्मात्यांनी, जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी, त्याचे हक्क अवघ्या १३० डॉलरांना कंपनीला दिले. पुढच्या साऱ्या घोळाचं मूळ इथे सापडतं. वीर लेखकाचा राहिला नाही, कंपनीची मालमत्ता झाला; आणि दुभती म्हैस कुणी बाजारातून उठवत नाही. १९९२ साली सुपरमॅनला मारलं, अंकांवर लोकांच्या उड्या पडल्या, आणि दुसऱ्याच वर्षी तो परत आला. स्पायडरमॅनचं लग्न १९८७ साली लावलं आणि २००७ साली एका सैतानाशी सौदा करवून ते लग्न झालंच नव्हतं असं ठरवलं! आपला वेताळ १९७७ साली डायनाशी लग्न करून संसाराला लागला, त्याला जुळी मुलं झाली, ती तशीच राहिली.

दुसरी अडचण अशी की एकच कथा अनेक मासिकांत पसरते. २००६ सालची ‘सिव्हिल वॉर’ ही कथा मुख्य सात अंकांची. पण तिचे धागे इतर कितीतरी मासिकांत गुंतवलेले. ते सगळे विकत घेणाऱ्यालाच पूर्ण अर्थ लागायचा. लांब गोष्टीचं आपल्याला वावडं नाही. चातुर्मासात ‘पांडवप्रताप’ आपण अध्यायामागून अध्याय ऐकतोच. पण त्या पोथीला शेवट आहे, आणि ज्याचा एक दिवस चुकला त्याला शेजारची आजीबाई कथा सांगते. इथे धागा गावाच्या हातात नाही, दुकानदाराच्या हातात आहे.

एवढं असूनही मी या कथा वाचणं सोडत नाही. जुन्या कथांनी ज्यांना कोपऱ्यात उभं केलं, त्यांना नव्यांनी मधोमध आणलं आहे. २०११ साली माइल्स मोरालेस हा सावळा पोरगा स्पायडरमॅन झाला. २०१४ साली कमला खान या पाकिस्तानी घरातल्या मुलीच्या नावाने स्वतंत्र मासिक निघालं. आणि २००४ साली आपल्याच देशात शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी पवित्र प्रभाकर निर्माण केला. खेड्यातला गरीब मुलगा, शिष्यवृत्ती मिळवून मुंबईला शिकायला जातो, धोतर नेसून इमारतींवरून झेप घेतो. त्याची कथा चार अंकांत आटोपली. पण पालमहून शिकायला शहरात गेलेल्या पोराने तो अंक उघडला, तर पहिल्या पानावर त्याला कोण दिसेल? आमच्या पिढीला वेताळाने हे सुख दिलं नाही.

तेव्हा माझ्या मनाचा हिशेब असा आहे. जुन्यांनी गोष्ट पुरी दिली, पण नायक परका दिला. नव्यांनी नायक जवळचा दिला, पण गोष्ट पुरी करायचं नाव नाही. मुलांना दोन्ही मिळायला हवं.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एवढीच विनंती. मुलांच्या हातातली चित्रकथा हिसकावून घेऊ नका. ती वाचून झाल्यावर दोन प्रश्न विचारा : गोष्ट संपली का? आणि यात आपल्यासारखं कोण आहे? मग पाटीवर सहा चौकटी आखून द्या. गावच्या आडात पडलेलं वासरू काढणारी एखादी मुलगी त्यात वीर होऊ द्या. अट एकच : सहाव्या चौकटीत गोष्ट पुरी झाली पाहिजे.