वीस वर्षांचे देऊळ

देऊळ जितके जुने तितके थोर, असे आपण मानतो. जपानातील इसे येथील रीत मात्र अगदी उलटी! सूर्यदेवता अमातेरासूचे तेथील लाकडी मंदिर दर २० वर्षांनी शेजारच्याच मोकळ्या जागेवर हुबेहूब नवे उभारतात. देवीला तेथे नेऊन मग जुने उतरवितात. त्याचे लाकूड इतर देवळांच्या कामी येते. इ. स. ६९० पासूनच्या या प्रथेत यादवीच्या काळी शंभराहून अधिक वर्षांचा खंड पडला. तरी ती पुन्हा सावरली, आणि २०१३ साली ६२ वे स्थलांतर पार पडले. दर खेपेस जुना सुतार नव्याला हाताशी धरून शिकवितो. लाकूड कुजते, हातची विद्या मात्र वापरली तरच टिकते. इसेचे देऊळ कधीच म्हातारे होत नाही, ते याच विद्येच्या बळावर!