जी नदी होड्या गिळायची, तिच्यावर आज क्रूझ चालते : पोर्तुगालच्या दोउरोची गोष्ट

पोर्ट वाइन हे नाव आपल्याकडे नवीन नाही. गोव्याहून परतताना पिशवीत एखादी गोड लाल वाइनची बाटली टाकणारे अनेक जण आहेत. पण हे नाव आलं कुठून? तर पोर्तुगालमधल्या पोर्तो या शहरावरून. आणि ती वाइन पोर्तोत बनतच नाही. ती बनते तिथून बरीच आत, दोउरो नदीच्या खोऱ्यात. आज याच नदीवर आठवडाभराच्या क्रूझ चालतात. जहाजाच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागा आणि मध्ये शांत, आरशासारखं पाणी असे रील्स तुम्हीही पाहिले असतील.

पण हे शांत पाणी फार जुनं नाही.

नदी कुठून येते, कुठे जाते?

दोउरोचा उगम स्पेनमध्ये होतो. तिथे तिला दुएरो म्हणतात. सुमारे ९०० किलोमीटरचा प्रवास करून ती पोर्तोजवळ अटलांटिक महासागराला मिळते. वाटेत शंभरेक किलोमीटर ती दोन्ही देशांची सीमा आखते. क्रूझ चालते ती पोर्तो ते स्पेनच्या सीमेवरचं बार्का द'आल्वा या साधारण २१० किलोमीटरच्या पट्ट्यात.

या खोऱ्यात माती अशी नाहीच. शिस्ट नावाचा पापुद्र्यासारखा सुटणारा दगड आहे. लोकांनी पिढ्यानपिढ्या तो फोडला, त्याच्याच भिंती रचल्या आणि डोंगरउतारावर पायऱ्या काढून द्राक्षं लावली. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, हिवाळा लांबतो. तिथले लोकच म्हणतात, 'नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक'. हाताने घडवलेला हा सगळा डोंगर २००१ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

वाइनमध्ये ब्रँडी का घालतात?

१७०३ साली इंग्लंड आणि पोर्तुगालमध्ये करार झाला आणि पोर्तुगीज वाइनवर इंग्लंडात फ्रेंच वाइनपेक्षा कमी कर लागू लागला. मागणी वाढली. प्रवासात वाइन टिकावी म्हणून तिच्यात द्राक्षांपासून काढलेली कडक दारू घालायची पद्धत रुजली. पुढे ही दारू रस आंबत असतानाच घालायला सुरुवात झाली. त्यामुळे यीस्ट मरतं, साखर शिल्लक राहते आणि वाइन गोडही होते, कडकही. पोर्टमध्ये अल्कोहोल साधारण १९ ते २२ टक्के असतं ते यामुळेच.

मागणी आली की भेसळ येतेच. रंग गडद दिसावा म्हणून व्यापारी एल्डरबेरी नावाच्या फळाचा रस मिसळू लागले आणि भाव कोसळले. १७५६ साली पंतप्रधान मार्किस द पोंबाल यांनी एक कंपनी स्थापन केली आणि वाइनचा प्रदेश कुठून कुठपर्यंत, हे ठरवून दिलं. सीमेवर ग्रॅनाइटचे खांब पुरले. हद्द आखून नियमांत बांधलेल्या जगातल्या सर्वांत जुन्या वाइन प्रदेशांपैकी हा एक.

पण कंपनीला मक्तेदारी मिळाल्यावर पोर्तोतल्या गुत्तेवाल्यांचा धंदा बसला. १७५७ साली लोक रस्त्यावर उतरले. सरकारने हा उठाव चिरडला आणि अनेकांना फासावर चढवलं.

नदी माणसं कशी गिळायची?

त्या काळी डोंगरात चांगले रस्ते नव्हते. वाइनची पिंपं राबेलो नावाच्या सपाट बुडाच्या होड्यांतून खाली यायची. मागे लांबलचक सुकाणू आणि वर एक मोठं चौकोनी शीड. उतरताना खडक आणि भोवरे चुकवायचे, वर जाताना वारा नसेल तर काठावरून बैलांनी किंवा माणसांनी दोराने होडी ओढायची. कितीतरी खलाशी यात बुडाले.

सर्वांत भयानक जागा होती वालेइरा. तिथला खडक फोडायला १७८० ते १७९२ अशी बारा वर्षं लागली. तरीही १८६१ साली याच ठिकाणी बॅरन जोसेफ जेम्स फॉरेस्टर बुडाले. हा इंग्रज वाइन व्यापारी साधासुधा नव्हता. दोउरोचा तपशीलवार नकाशा त्यांनीच काढला होता. म्हणजे नदी सर्वांत चांगली ओळखणारा माणूसच नदीने नेला. त्यांच्यासोबत होत्या दोना आंतोनिया फेरेरा. पतीच्या निधनानंतर वाइनचा व्यवसाय सांभाळून त्यांनी तो प्रचंड वाढवला होता. त्या वाचल्या. दंतकथा अशी की, त्यांच्या घेरदार झग्याने त्यांना तरंगत ठेवलं आणि फॉरेस्टर यांना कमरेच्या पट्ट्यातल्या सोन्याच्या नाण्यांनी तळाशी नेलं. खरं-खोटं नदीलाच ठाऊक.

मग नदी शांत कशी झाली?

आधी रेल्वेने होड्यांचं काम हिरावलं, मग रस्त्याने. १९७० आणि ८० च्या दशकांत पोर्तुगालने या पट्ट्यात पाच धरणं पूर्ण केली आणि भोवरे पाण्याखाली गेले. प्रत्येक धरणाला लॉक आहे. लॉक म्हणजे पाण्याची लिफ्ट. जहाज दोन दरवाजांमधल्या हौदात शिरतं, हौद भरतो आणि जहाज वर उचललं जातं. काऱ्हापातेलो धरणाचं लॉक एका दमात ३५ मीटर, म्हणजे दहा-बारा मजले वर नेतं. हौद लहान असल्यामुळे इथली जहाजं ८० मीटरच्या आसपास लांब असतात. क्रूझ जहाजं रात्री चालत नाहीत. १९९० पासून हा सगळा पट्टा जलवाहतुकीला खुला झाला.

एक धरण मात्र झालं नाही. कोआ या उपनदीवर काम सुरू असताना खडकांवर हजारो वर्षांपूर्वी कोरलेले घोडे, बैल आणि हरणं असल्याचं १९९४ साली जगासमोर आलं. त्यातली काही चित्रं २० हजार वर्षांहून जुनी आहेत. 'चित्रांना पोहता येत नाही' अशी घोषणा देत शाळकरी मुलंही आंदोलनात उतरली. पुढे संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झालेले आंतोनियो गुतेरेस तेव्हा नुकतेच पंतप्रधान झाले होते. त्यांच्या सरकारने धरण थांबवलं. १९९८ साली ही जागाही जागतिक वारसा झाली.

वाटेत काय दिसतं?

रेग्वा हे वाइन व्यापाराचं जुनं गाव. तिथून जवळच लामेगोत डोंगरावरच्या चर्चपर्यंत सहाशेहून जास्त पायऱ्या आहेत. पिन्याव हे छोटंसं गाव त्याच्या रेल्वे स्टेशनसाठी ओळखलं जातं. भिंतींवरच्या निळ्या फरशांवर द्राक्षांची तोडणी आणि होड्या रंगवल्या आहेत. पणजीत मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या भिंतीवर अशाच निळ्या फरशा आहेत. सप्टेंबरमध्ये गेलात तर द्राक्षतोडणी सुरू असते. काही ठिकाणी आजही दगडी हौदात माणसं खांद्याला खांदा लावून पायाने द्राक्षं तुडवतात.

क्रूझच करायला हवी का?

गरज नाही. पोर्तोहून रेल्वे निघते आणि बरंच अंतर नदीला चिकटून पोसिन्योपर्यंत जाते. पिन्यावला उतरून तासा-दोन तासांची बोटफेरीही करता येते. खर्च क्रूझच्या मानाने अगदी कमी. शिवाय मुक्काम आणि जेवण गावात होतं, त्यामुळे पैसा गावात राहतो. याला महत्त्व आहे, कारण खोऱ्यातली तरुण पिढी शहराकडे जाते आहे. किती रसाची पोर्ट करायची याचा कोटा दर वर्षी ठरतो. ज्याच्या वाट्याला कमी येतो, त्या छोट्या शेतकऱ्याला उरलेली द्राक्षं कमी भावात विकावी लागतात. भाव, कोटा आणि मजूर ही गणितं नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला वेगळी समजावून सांगायला नकोत.

भारतीयांना शेंगेन व्हिसा लागतो आणि त्याच व्हिसावर स्पेनमधलं सालामांकाही पाहता येतं. जुलै-ऑगस्टचं ऊन टाळा. मे-जून किंवा सप्टेंबर बरा.

आणि हो, युरोपात 'पोर्ट' हे नाव फक्त याच खोऱ्यातल्या वाइनला लावता येतं. आपल्याकडची गोड बाटली तिच्या जागी ठीक आहे, पण बॅरन फॉरेस्टर बुडाले ते या नदीत.