पाच सेकंदांचे दफ्तर



बखरवाङ्मयावर प्रबंध लिहिलेल्या माणसाने मोटारीतील इलेक्ट्रॉनिक सुरक्षायंत्रणेच्या इतिहासावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर जो अपघात घडला, तेव्हापासून हा विषय माझ्या मनातून गेलेला नाही. आपण सुरतकर मराठी माणसे मुंबईस जातो ती त्याच पुलावरून. उद्योगपती सायरस मिस्त्री त्या दुपारी उदवाड्याहून मुंबईस परतत होते. मोटार कठड्यावर आदळली. पुढील आसनांवरील दोघे जबर जखमी होऊन वाचले; मागे बसलेले मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी दगावले. मागील दोघांनी पट्टे बांधले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले.

पुढे मोटार बनविणाऱ्या मर्सिडीज-बेंझ कंपनीने पोलिसांना प्राथमिक अहवाल दिला. आदळण्यापूर्वी ५ सेकंद ब्रेक दाबला गेला. तेव्हा वेग ताशी १०० किलोमीटर होता आणि आदळताना ८९. ही नोंद कोणा साक्षीदाराची नव्हे, मोटारीतच बसविलेल्या संगणकाची. आमचा कृष्णाजी अनंत सभासद छत्रपतींच्या पश्चात, जिंजीस बसून लिहितो. त्यात सुरतेची लूटही येते आणि स्मरणाची भरही पडते. येथे मात्र प्रसंग घडत असतानाच दफ्तर लिहून होते. त्यात अलंकार नाही, कैफियतही नाही.

हे दफ्तर लिहिणारे यंत्र मुळात लिहिण्यासाठी जन्मलेले नाही. वेग एकाएकी किती घटला हे संवेदक मोजतो, टक्कर खरी की नुसता खड्डा याचा निवाडा संगणक करतो आणि एअरबॅग फुगते. हे सारे डोळ्याचे पाते लवण्याआधी उरकते. ब्रेकवरील पहारेकरी, म्हणजे एबीएस, त्याच घराण्यातला थोरला भाऊ. जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जखडू लागले, की तो ब्रेकचा दाब क्षणभर सैल करतो, पुन्हा आवळतो. चाक फिरत राहते आणि मोटार वळविता येते. १९७८ मध्ये बॉश कंपनीची ही इलेक्ट्रॉनिक रचना मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली. दोन-तीन वर्षांत त्याच मोटारीत एअरबॅगही आली.

येथे मला थोडे रेंगाळायचे आहे. अमेरिकेत १९७०च्या दशकात एअरबॅगकडे पाहिले गेले ते पट्ट्याला पर्याय म्हणून: लोक पट्टा बांधत नाहीत ना, मग न बांधताही वाचतील असे काही करू. जर्मन अभियंत्यांनी तिला पट्ट्याच्या जोडीला बसविले. आज सुकाणूचक्रावर एसआरएस ही जी तीन अक्षरे दिसतात, त्यांतील पहिल्याचा अर्थ ‘पूरक’ असा आहे. भाषेच्या मास्तराला या एका विशेषणात सारा वाद मिटलेला दिसतो. आपल्या जनमानसात मात्र अमेरिकेची जुनी समजूतच रुजली. एअरबॅग आहे, मग पट्टा कशाला?

आपल्याकडे ही साधने फार उशिरा आली. जानेवारी २०१४ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’ने भारतात विकल्या जाणाऱ्या मोटारी आदळवून पाहिल्या. पुण्याजवळ चाकणला बनणारी पोलो एअरबॅगविना शून्य तारे घेऊन बाहेर पडली. तीच मोटार दोन एअरबॅग लावल्यावर चार तारे मिळवून गेली. परदेशी ग्राहकास जे निमूटपणे मिळत होते, ते येथे जादा पैशांचे चोचले समजले जाई, याचा मला आजही राग येतो. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींस एबीएस आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून चालकापुढची एअरबॅग सक्तीची झाली. पट्टा न बांधल्यास वाजणारी घंटाही तेव्हाच आली, पण ती पुढच्या आसनांपुरती. मागच्या आसनासाठी ती सक्तीची व्हायला एप्रिल २०२५ उजाडावा लागला.

घंटा आली तशी तिची मुस्कटदाबीही आली. पट्ट्याच्या खाचेत खोचायची धातूची खोटी जीभ बाजारात मिळू लागली. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्रेत्यांना ती विकण्यास मनाई केली, तेव्हा १३,११८ जाहिराती उतरवाव्या लागल्या.

या मंडळींना मी हसलो असतो, पण तो अधिकार मला नाही. चारोटीच्या घटनेनंतर महिन्याभराने मी भाड्याच्या मोटारीने मुंबईस निघालो. मागे बसून पट्टा ओढला, तर खाच सापडेना. ती आसनाच्या नव्या खोळीखाली गडप झालेली. लिंबायतचा खानदेशी चालक म्हणाला, “काका, मागं कोन बांधतं?” मी गप्प बसलो. वापी गेले, तलासरी गेले. सूर्येचा पूल जवळ आल्याची पाटी दिसली, तेव्हा मी त्याला गाडी बाजूला घ्यायला लावली. आम्ही दोघांनी मिळून खोळ उसवली. आत खाच होती, दोन बिस्किटांचे तुकडे होते आणि कोणा मुलाची पेन्सिल होती.