फुतोको

फुतोको ही जपानमध्ये दीर्घकाळ शाळेत न जाणाऱ्या मुलांच्या अवस्थेसाठी वापरली जाणारी अधिकृत संज्ञा आहे. शब्दाचा सरळ अर्थ 'शाळेत न जाणे' एवढाच होतो. जपानच्या शिक्षण मंत्रालयाच्या व्याख्येनुसार, मानसिक, भावनिक, शारीरिक किंवा सामाजिक कारणांमुळे जो विद्यार्थी शाळेत जात नाही, अथवा जाण्याची इच्छा असूनही जाऊ शकत नाही, आणि ज्याची अनुपस्थिती शैक्षणिक वर्षात ३० दिवस किंवा त्याहून अधिक भरते, तो या गटात मोडतो. आजारपण आणि आर्थिक अडचण यांमुळे होणारी अनुपस्थिती यातून वगळली जाते. २०२३ च्या शैक्षणिक वर्षात प्राथमिक व कनिष्ठ माध्यमिक शाळांतील असे विद्यार्थी ३,४६,४८२ होते. कनिष्ठ माध्यमिक स्तरावर, म्हणजे साधारण १२ ते १५ वर्षे वयोगटात, हे प्रमाण ६.७ टक्के होते. म्हणजे दर १५ विद्यार्थ्यांमागे एक.

किशोरवयीन मुलांचे मानसिक आरोग्य आणि शाळेतील अनुपस्थिती यांवरील संशोधनात जपानचे उदाहरण महत्त्वाचे मानले जाते. एकाच व्याख्येवर आधारलेली देशव्यापी आकडेवारी तेथे अनेक दशके उपलब्ध आहे, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की, मूल शाळेत का जात नाही या प्रश्नाचे उत्तर ते कोणाला विचारले यावर किती अवलंबून असते, हे या आकडेवारीच्या इतिहासातून स्पष्टपणे दिसून येते.

व्याख्या आणि तिच्या मर्यादा

जपानमध्ये सहा वर्षांचे प्राथमिक आणि तीन वर्षांचे कनिष्ठ माध्यमिक शिक्षण सक्तीचे आहे. मात्र राज्यघटनेनुसार ही सक्ती पालकांवर आहे. मुलाला शिक्षणाचा हक्क आहे. त्यामुळे शाळेत न जाणारे मूल कायदा मोडत नाही. सक्तीच्या शिक्षणाच्या काळात विद्यार्थ्याला अनुपस्थितीमुळे त्याच वर्गात ठेवण्याची प्रथाही जवळजवळ नाही. वर्षभर शाळेचे तोंड न पाहिलेला विद्यार्थीही सहसा वरच्या वर्गात जातो आणि त्याला शाळा पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र मिळते. म्हणूनच फुतोको आणि 'शाळागळती' या संज्ञा समानार्थी नाहीत. फुतोको विद्यार्थ्याचे नाव पटावर कायम असते, केवळ त्याची जागा रिकामी असते.

व्याख्येतील 'आजारपण वगळून' ही अट संशोधकांसाठी सर्वाधिक अडचणीची ठरली आहे. नैराश्य किंवा चिंताविकार असलेल्या विद्यार्थ्याची अनुपस्थिती आजारपणात धरायची की फुतोकोमध्ये, हे शाळेत भरल्या जाणाऱ्या माहितीवर ठरते. डॉक्टरांचे प्रमाणपत्र असेल तर नोंद एका रकान्यात होते, नसेल तर दुसऱ्या. कोविड-१९ च्या काळात संसर्ग टाळण्यासाठी घरी राहिलेल्या मुलांसाठी आणखी एक वेगळा रकाना करण्यात आला. त्यामुळे एकूण दीर्घ अनुपस्थिती न पाहता केवळ फुतोकोच्या आकड्यावरून मुलांच्या मानसिक आरोग्याविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे असते.

३० दिवसांची मर्यादाही सर्वांना टिपत नाही. निप्पॉन फाउंडेशनने २०१८ मध्ये केलेल्या सर्वेक्षणात, शाळेत येऊनही वर्गात न बसणाऱ्या, उशिरा येऊन लवकर निघून जाणाऱ्या, किंवा वर्गात बसून मनातून शाळा नकोशी वाटणाऱ्या कनिष्ठ माध्यमिक विद्यार्थ्यांची संख्या सुमारे ३ लाख ३० हजार असावी, असा अंदाज मांडण्यात आला. त्या वेळी या स्तरावरील अधिकृत आकडा याच्या एक तृतीयांशाच्या आसपास होता.

संज्ञेचा इतिहास

१९४१ मध्ये अमेरिकेतील अॅडलेड जॉन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मुलांच्या अवस्थेला 'शाळेची भयग्रस्तता' असे नाव दिले आणि तिचे मूळ आई व मूल यांच्यातील विरहाच्या चिंतेत शोधले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस जपानी मानसोपचारतज्ज्ञांनी हीच चौकट स्वीकारली. शिक्षण मंत्रालयाने १९६६ पासून ५० किंवा अधिक दिवसांच्या अनुपस्थितीची नोंद 'शाळेची नावड' या नावाखाली सुरू केली. पुढे 'तोको क्योही', म्हणजे शाळेत जाण्यास नकार, हा शब्द रूढ झाला. या सर्व नावांत दोष मुलाकडे किंवा त्याच्या आईकडे जातो, ही गोष्ट नंतरच्या वादात निर्णायक ठरली.

या दृष्टिकोनाचे परिणाम केवळ शाब्दिक नव्हते. काही मुलांना मानसोपचार रुग्णालयांत दाखल केले गेले, तर काहींना 'सुधारण्यासाठी' कठोर शिस्तीच्या खासगी संस्थांत धाडले गेले. आइची प्रांतातील तोत्सुका यॉट स्कूल या संस्थेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस प्रशिक्षणार्थींचे मृत्यू झाले आणि संस्थाप्रमुख तोत्सुका हिरोशी यांना पुढे तुरुंगवासाची शिक्षा झाली.

याच काळात मानसोपचारतज्ज्ञ वातानाबे ताकाशी यांनी वेगळी मांडणी केली. शाळेत न जाणे हा आजार नसून असह्य परिस्थितीपासून स्वतःला वाचवण्याची मुलाची प्रतिक्रिया आहे, असे त्यांचे मत होते. त्यांच्या संपर्कात आलेल्या शिक्षिका ओकुची केइको यांचे स्वतःचे मूलही शाळेत जात नव्हते. त्यांनी १९८५ मध्ये 'तोक्यो शुरे' हे मुक्त विद्यालय सुरू केले. १९८८ मध्ये त्सुकुबा विद्यापीठाचे मानसोपचारतज्ज्ञ इनामुरा हिरोशी यांचे म्हणणे 'आसाही शिंबुन' या दैनिकाने ठळकपणे छापले. वेळीच उपचार न केल्यास ही मुले तिशीपर्यंत निष्क्रिय राहू शकतात, असा त्याचा आशय होता. त्याविरुद्ध पालक, मुले आणि काही डॉक्टर संघटितपणे उभे राहिले.

१९९२ मध्ये मंत्रालयाच्या तज्ज्ञगटाने ही अवस्था 'कोणत्याही मुलाच्या बाबतीत उद्भवू शकते' अशी भूमिका घेतली. मुक्त विद्यालयातील उपस्थिती मुख्याध्यापकांच्या संमतीने मूळ शाळेची उपस्थिती म्हणून धरण्यास त्याच वर्षी वाव मिळाला. १९९८ मध्ये आकडेवारीतून 'शाळेची नावड' हे शीर्षक जाऊन 'फुतोको' आले. नव्या शब्दात कारण सूचित होत नाही, आणि तेच त्याचे वैशिष्ट्य आहे.

कारणांविषयीचे संशोधन

मंत्रालयाच्या वार्षिक पाहणीत अनेक वर्षे प्रत्येक फुतोको विद्यार्थ्यामागे एक 'मुख्य कारण' नोंदवले जात असे, आणि ते निवडण्याचे काम शाळेकडे होते. २०२२ च्या पाहणीत ५१.८ टक्के विद्यार्थ्यांबाबत 'निरुत्साह, चिंता' हे कारण नोंदले गेले. छळवणुकीचा वाटा एक टक्क्याहूनही कमी होता. शिक्षकांशी असलेले संबंधही यादीत फार खाली होते.

मुलांना थेट विचारल्यावर मात्र वेगळे चित्र समोर आले. मंत्रालयानेच २०२० मध्ये केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, शाळा नकोशी वाटण्याचा पहिला प्रसंग कोणता, या प्रश्नाला प्राथमिक स्तरावरील सुमारे ३० टक्के मुलांनी 'शिक्षकांशी संबंधित बाबी' असे उत्तर दिले. कनिष्ठ माध्यमिक विद्यार्थ्यांत 'शरीर बरे नसणे' हे उत्तर सर्वाधिक होते. सुमारे एक तृतीयांश मुलांनी ते निवडले. मित्रांशी असलेले संबंध दोन्ही स्तरांवर एक चतुर्थांशाच्या आसपास होते. या पाहणीलाही मर्यादा होत्या. प्रतिसाद कमी होता आणि त्या काळात शाळेत किंवा साहाय्य केंद्रात काही प्रमाणात येत असलेल्या मुलांनाच ती लागू होती. घराबाहेर अजिबात न पडणारी मुले, म्हणजे ज्यांच्याविषयी सर्वाधिक जाणून घ्यायला हवे तीच, तिच्यातून सुटली.

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात काही निवडक भागांतील शिक्षक, विद्यार्थी आणि पालक या तिघांनाही तेच प्रश्न विचारण्यात आले. चिंता व नैराश्याची लक्षणे असल्याचे तीन चतुर्थांश विद्यार्थ्यांनी सांगितले. शिक्षकांच्या उत्तरांत हे प्रमाण सुमारे एक पंचमांश होते. छळवणूक झाल्याचे सुमारे एक चतुर्थांश मुलांनी नोंदवले, तर शिक्षकांपैकी सुमारे ४ टक्क्यांनी. झोप न लागणे, सकाळी उठता न येणे आणि प्रकृतीच्या तक्रारी यांबाबतही अशीच दरी होती. मुलाच्या स्मरणात आणि सांगण्यातही त्रुटी असू शकतात, त्यामुळे एकाची बाजू खरी आणि दुसऱ्याची खोटी असे यातून सिद्ध होत नाही. परंतु 'निरुत्साह' हे कारण नसून बाहेरून दिसणाऱ्या स्थितीचे वर्णन आहे, हा आक्षेप यामुळे बळकट झाला. २०२३ च्या वार्षिक पाहणीपासून मंत्रालयाने 'मुख्य कारण' हा प्रश्नच बदलला. शाळेला आता विद्यार्थ्याविषयी कळलेल्या बाबी नोंदवाव्या लागतात आणि एकाहून अधिक बाबी निवडता येतात.

समाजशास्त्रज्ञ मोरिता योजी यांनी १९९१ च्या आपल्या ग्रंथात प्रश्न उलट बाजूने मांडला होता. शाळा नकोशी वाटणारी मुले अनुपस्थित मुलांपेक्षा कितीतरी अधिक आहेत. मग बाकीची मुले शाळेत कशामुळे येत राहतात, असा त्यांचा प्रश्न होता. मित्र, शिक्षक, अभ्यास आणि भविष्याची आशा या बंधांनी मूल शाळेशी जोडलेले असते आणि ते सैल झाले की साधी नावडही अनुपस्थितीत बदलते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

शारीरिक लक्षणे

फुतोकोची सुरुवात बहुधा पोटदुखी, डोकेदुखी, मळमळ किंवा सकाळी अंथरुणातून उठता न येणे अशा तक्रारींनी होते. जपानी बालरोगतज्ज्ञ यासंदर्भात स्वायत्त चेतासंस्थेच्या एका विकाराकडे लक्ष वेधतात. यात उभे राहताना रक्तदाब व नाडीचे नियमन नीट होत नाही, त्यामुळे चक्कर आणि थकवा येतो. हा त्रास सकाळी तीव्र असतो आणि दुपारनंतर ओसरतो. परिणामी सकाळी उठू न शकणारे मूल संध्याकाळी हसताखेळताना दिसते आणि घरच्यांना ते सोंग वाटू लागते. कुमामोतो विद्यापीठातील मिइके तेरुहिसा यांनी अशा मुलांच्या झोपेच्या चक्रातील बिघाडाचा दीर्घकाळ अभ्यास केला.

सुट्टीनंतरचे दिवस

जपानच्या कॅबिनेट कार्यालयाने २०१५ मध्ये चार दशकांहून अधिक काळातील १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या आत्महत्यांची तारखेनुसार मांडणी केली. त्यात १ सप्टेंबर या दिवशी सर्वाधिक, एकूण १३१ मृत्यू आढळले. अनेक शाळांत उन्हाळी सुट्टीनंतरचा तो पहिला दिवस असतो. एप्रिलमध्ये नवे वर्ष सुरू होते त्या दिवसांतही संख्या वाढलेली होती. त्याच वर्षी ऑगस्टअखेरीस कामाकुरा शहराच्या ग्रंथालयाने, शाळेत जाणे असह्य होत असेल तर ग्रंथालयात या, दिवसभर बसलात तरी कोणी काही विचारणार नाही, अशा आशयाचा संदेश समाजमाध्यमावर प्रसिद्ध केला आणि तो देशभर पोहोचला. तेव्हापासून ऑगस्टच्या उत्तरार्धात साहाय्य दूरध्वनी व समुपदेशनाची माहिती देण्यावर शासन व स्वयंसेवी संस्था भर देतात.

कायदा आणि धोरण

डिसेंबर २०१६ मध्ये संमत झालेल्या शिक्षणसंधीविषयक कायद्याने शाळेबाहेरील शिक्षणाचे महत्त्व आणि मुलाला विश्रांतीची असलेली गरज या दोन्ही गोष्टी मान्य केल्या. घरी किंवा मुक्त विद्यालयात घेतलेल्या शिक्षणाला सक्तीच्या शिक्षणाचा पर्याय मानण्याची आधीच्या मसुद्यातील तरतूद मात्र विरोधामुळे गळाली. २०१९ च्या परिपत्रकात केवळ 'शाळेत परत आणणे' हे साहाय्याचे उद्दिष्ट असू नये, असे मंत्रालयाने स्पष्ट केले. मार्च २०२३ मध्ये जाहीर झालेल्या 'कोकोलो' योजनेत लवचीक अभ्यासक्रमाच्या ३०० विशेष शाळा उभारण्याचे उद्दिष्ट आहे. तरीही २०२३ मध्ये फुतोको विद्यार्थ्यांपैकी ३८.८ टक्के, म्हणजे १,३४,३६८ मुलांना शाळेतील वा बाहेरील कोणत्याही तज्ज्ञाचे साहाय्य मिळाले नव्हते.

पुढील आयुष्य

कनिष्ठ माध्यमिकच्या अखेरच्या वर्षी फुतोको असलेल्या विद्यार्थ्यांचा मंत्रालयाने दोनदा पाठपुरावा केला. त्यांपैकी १९९३ च्या गटाच्या पाहणीचे नेतृत्व मोरिता यांच्याकडे होते. १९९३ च्या गटातील ६५.३ टक्के विद्यार्थी उच्च माध्यमिक शाळेत गेले होते, तर २००६ च्या गटातील ८५.१ टक्के. उच्च माध्यमिक शिक्षण मध्येच सोडणाऱ्यांचे प्रमाण ३७.९ वरून १४.० टक्क्यांवर आले. दूरशिक्षणाच्या आणि अंशकालीन शाळांचा प्रसार हे या बदलाचे एक कारण सांगितले जाते. फुतोको मुले पुढे हिकिकोमोरी, म्हणजे वर्षानुवर्षे घरात कोंडून राहणारे प्रौढ होतात, ही समजूत या निष्कर्षांशी जुळत नाही. काहींच्या बाबतीत तसे घडते, परंतु बहुसंख्य मुले शिक्षणात किंवा कामात परततात.