स्लॅबवर या, मोबाइल आडवा धरा

चपला जिन्यात काढू नका. स्लॅबवर दोन बादल्या पाणी मारलंय, तरी तळपाय भाजतील. यंदाचा मार्च असा तापला, की वऱ्हाडात आत्ताच वैशाख आल्यासारखं वाटतंय. तुम्ही मेळघाटातल्या धारणीत आहात. २०२२ च्या पाडव्याची संध्याकाळ आहे आणि साडेसात वाजून गेलेत.

श्वास घ्या. ओल्या सिमेंटची वाफ नाकाशी येते. खालच्या खिडकीतल्या कुलरचा, भिजलेल्या वाळ्याचा गारवा येतो. आणि या दोहोंवर चढून बसलाय शेजारच्या अंगणातल्या मोहफुलांचा वास, गोड आणि जड. पहाटे वेचून आणलेली फुलं दिवसभर उन्हात वाळत होती. आता त्यांच्याजवळ फार वेळ उभं राहिलात, तर डोकं भारी होईल.

गुढी उतरवून झालीय. साखरेच्या गाठीसाठी पोरांची झोंबाझोंबी चाललीय. करोनाचे निर्बंध आजपासूनच उठलेत, त्यामुळे पाहुणे दोन वर्षांनी उघड्या तोंडाने हसताहेत. पलीकडच्या छतांवरची माणसं चंद्रासाठी चढली होती. कोर दिसलीय, उद्यापासून रोजे. मुबारक म्हणत गळाभेटी चालल्यात, पण खाली उतरायची घाई कुणालाच नाही. पाडव्यामुळे आणि चंद्रामुळे आज धारणीचं बरंच गाव वर पाहत उभं आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. एरवी या वेळी सगळे पंख्याखाली असते.

"अबे, थे पाय! थे काय व्हय?"

पश्चिमेकडे पाहा. नारिंगी ठिपका आहे. विमान म्हणाल, तर दिवे लुकलुकत नाहीत. उल्का म्हणाल, तर ती एव्हाना विझली असती. हा विझत नाही, मोठा होतो. फुटतो. एकाचे तीन, तिनाचे सात-आठ, प्रत्येकामागे पिवळी-तांबडी शेपूट. धूळघाटातून पूर्वी रात्री जाणाऱ्या मीटरगेजच्या गाडीचे उजळलेले डबे असावेत, तशी ती रांग आग्नेयेला सरकत जाते.

काढा मोबाइल! आडवा धरा. हात थरथरतोय, कोपर कठड्यावर टेकवा. कठडा तापलाय, सोसा. झूम करू नका, कितीही मोह झाला तरी. अंधारात कॅमेरा फोकस शोधत आत-बाहेर करतोय. पडद्यावर त्या उजेडाच्या जागी बोट दाबून धरा, म्हणजे बहुतेक फोनचा फोकस तिथेच थांबतो. आणि चौकटीच्या खालच्या कडेला तो कडुलिंब आणि विजेचा खांब राहू द्या.

भोवती गलका उसळलाय. वऱ्हाडी, हिंदी, कोरकू, सगळं एकदम. कुणी इमान म्हणतंय, कुणी तारा तुटला म्हणतंय. एका आजीने हात जोडलेत. कुत्री गल्लीभर भुंकताहेत, ती माणसांच्या ओरडण्याला. कारण आकाशातून काहीच ऐकू येत नाही. रॉकेट म्हटलं की आपल्याला टीव्हीवरचा श्रीहरिकोट्याचा गडगडाट आठवतो. इथे जळणारा धातू आपल्यापासून कितीतरी किलोमीटर उंच आहे.

हो, हे रॉकेटच. चढणारं नव्हे, उतरणारं. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा वर्षाहून अधिक काळ पृथ्वीभोवती फिरत राहिला आणि आज हवेत शिरला. सेकंदाला सात किलोमीटरहून अधिक वेग. पुढची हवा दाबली जाऊन तापते, धातू वितळून तुटतो. हलके तुकडे हवेने लवकर अडतात आणि मागे पडतात, जड पुढे निघतात. म्हणून ती रांग.

आता व्हिडिओ पाहा. तुम्ही झूम केलं असेल, तर करड्या कणांत एक पिवळा डाग हलतोय, बाकी काही नाही. तुमच्या शेजारच्या पोराने मात्र कडुलिंब धरून ठेवला होता. त्यात कळतं, रांग कुठून आली, किती उंचीवरून गेली, किती सेकंदांत झाड ओलांडलं. अशा चित्रणांचा उपयोग होतो. त्या रात्री आधी संशय आला न्यूझीलंडहून त्याच दिवशी उडालेल्या रॉकेटचा. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी मार्ग ताडून पाहिला आणि तो चिनी टप्प्याशी जुळला.

तुमच्या स्लॅबपासून सरळ रेषेत तीनशेहून अधिक किलोमीटरवर, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात त्याच संध्याकाळी साधारण तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं मोकळ्या जागेत पडलं. जवळच घरं होती. कुणाला इजा झाली नाही. त्याच तालुक्यातल्या पवनपारला धातूचा गोळा सापडला.

असं पुन्हा दिसलं, तर वेळ आणि जागा लगेच लिहून ठेवा. व्हॉट्सॲपवर फिरून आलेली प्रत दाबून लहान झालेली असते, म्हणून मूळ फाइल पुसू नका. आणि शेतात एखादा तुकडा मिळाला, तर हात न लावता आधी पोलीस ठाण्यात कळवा.